भिकनआप्पांचा पट्टा

भिकनआप्पांच्या शोकसभेत कुणी त्यांना मितभाषी म्हणालं, कुणी विनम्र म्हणालं. एका पुढाऱ्याने तर 'प्रसिद्धीपासून चार हात लांब राहणारं व्यक्तिमत्त्व' असं जाहीर करून टाकलं. मी मागे सतरंजीवर बसलो होतो. शेजारच्याने माझ्या मांडीवर हात दाबून ठेवला नसता तर मी मोठ्याने हसलोच असतो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे कबूल, पण निदान त्याच माणसाबद्दल बोलावं. आप्पा तिथे असते तर उठून म्हणाले असते, "हाऊ कोन मानूस शे? माले बी भेटाडा त्याले."

म्हणून हे लिहायला घेतलं. मला खोटं चांगलं बोलवत नाही, आणि आप्पांना त्याची गरजही नव्हती.

आप्पा कळसाडीचे. घरची शेती, ऊस आणि कापूस, आणि घरासमोर उभा एक जुना डोझर. शहाद्याच्या रस्त्याला माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. त्या डोझरचं जे काही तुटेल, फाटेल, वाकेल ते माझ्याकडे यायचं. म्हणजे आप्पा माझे गिऱ्हाईक. ते मात्र उलटं सांगायचे. चारचौघांत माझी ओळख करून देताना म्हणायचे, "हाऊ मिस्तरी मन्हा शे." जसं काही डोझरसोबत मलाही त्यांनी कालव्याच्या कामावरून लिलावात उचललं होतं.

डोझरला ते नुसतं 'मशीन' म्हणत. जगात दुसरीही मशीन आहे हे त्यांना मान्य नव्हतं. कुणी पोकलेनचं कौतुक केलं की ते ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "हात लांब शे तिना. हात लांब असना म्हंजे मानूस कामना व्हस का?" कळसाडीहून उत्तरेला सातपुडा दिसतो. त्याच्याकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर भक्तिभाव नसायचा, दुसऱ्याने अर्धवट सोडलेलं काम पाहताना कंत्राटदाराचा होतो तसा चेहरा व्हायचा. एकदा म्हणाले, "ज्यानी हाऊ डोंगर बनाडा ना मिस्तरी, त्यानाजोडे डोझर नव्हता."

कपडे कायम पांढरेशुभ्र आणि कडक इस्त्रीचे. त्यावर ग्रीसचा ठिपका कधी दिसला नाही, कारण मशीनला त्यांचा हात लागायचा नाही. चालवायचे सायसिंगदादा. आप्पा मशीनच्या पुढे उभे राहायचे, तिच्याकडे तोंड करून, आणि उलटे चालत जायचे. दोन्ही हातांनी खुणा चालू. डावीकडे घे, उजवीकडे घे, पातं खाली, पातं वर. आपल्या पाठीमागे काय आहे हे वळून पाहायची त्यांची पद्धत नव्हती. बांध आला, ढेकळं आली, खोडवा आला, टाच आपोआप वाट काढायची. एकदाच ते उसाच्या पाटात उताणे पडले. आम्ही धावलो, तर पाटातून त्यांचा उजवा हात वर आलेला, आणि तो हात सायसिंगदादांना सांगत होता, येऊ दे, येऊ दे.

सायसिंगदादा धडगावच्या पलीकडचे, डोंगरातल्या एका पाड्यावरचे पावरा आदिवासी. ऐन तारुण्यात ऊसतोडीला खाली उतरले, आप्पांनी त्यांना मशीनवर बसवलं, ते बसले ते बसलेच. आप्पा जितकं बोलायचे तितकं ते बोलायचे नाहीत, त्यामुळे दोघांचं उत्तम जमलं. मशीनने घरघर केली की आप्पा कान देऊन, डोळे मिटून म्हणायचे, "मशीन सांगी ऱ्हायनी, डिझेल खराब शे." सायसिंगदादा म्हणायचे, "फिल्टर." आप्पा डोळे उघडून म्हणायचे, "तेच मी सांगी ऱ्हायनू." आणि फिल्टर बदलला जायचा.

गावात जे काही बरं होईल त्यात आप्पांचा हात असायचा. ऊस चांगला आला तर जमीन त्यांनी सपाट केली म्हणून. कुणाचं लग्न जमलं तर ज्या रस्त्याने पाहुणे आले तो त्यांनी दाबला होता म्हणून. या बढायांनी माणसं वैतागायची. मीही वैतागायचो. पण या माणसाचं एक होतं, आणि ते मी दुसऱ्या कुणात फारसं पाहिलं नाही. ते मला कळलं त्या रुंद पट्ट्यांच्या वेळी.

डोझरला चाकं नसतात. लोखंडी पाट्यांची एक फिरती माळ असते, तिला आमच्याकडे पट्टा म्हणतात. दोन बाजूंना दोन पट्टे. पाटी जितकी रुंद तितकं मशीनचं वजन जास्त जागेवर पसरतं. आप्पांच्या मशीनच्या पाट्या होत्या अरुंद, कालव्याच्या मुरमासाठी केलेल्या. तापीकाठच्या काळ्या मातीत ती मशीन पोटापर्यंत रुतायची आणि तिला ओढायला सगळ्या गावचे ट्रॅक्टर लागायचे. असं दोन-चारदा झाल्यावर आप्पा माझ्याकडे आले.

"मिस्तरी, तिना पाय लहान शेतस. मोठ्या चपला कर तिले."

प्रत्येक पाटीला दोन्ही अंगांनी जाड पत्र्याचे तुकडे जोडायचे, असा बेत ठरला. एकाच अंगाला जोडले तर पाटी पिळवटते आणि पट्टा तिरका झिजतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. काम मोठं होतं. वर्कशॉपमध्ये दुसरं काही हलेना. आप्पा रोज येऊन खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की असं काम आजवर कुणाला सुचलं नाही. काम संपलं तेव्हा त्यांनी शेतात नारळ फोडायचा घाट घातला. गाव बोलावलं, पेढे आणले. ज्याच्या शेतात मशीन सर्वात जास्त रुतली होती त्याच शेतात. मशीन निघाली आणि काय सांगू, त्या काळ्या लोण्यासारख्या मातीवरून ती म्हशीसारखी संथ चालत गेली. टाळ्या पडल्या. आप्पा उलटे चालत होते आणि पेढा खात होते.

मग सायसिंगदादांनी पातं खाली सोडलं.

पातं होतं जुन्या मापाचं. पट्टे आता पात्याच्या दोन्ही टोकांच्या बाहेर गेले होते. म्हणजे पातं मधली माती काढायचं आणि पट्ट्यांच्या बाहेरच्या कडा न काढलेल्या मातीवर चढायच्या. मशीन जसजशी पुढे गेली तसतशी मधे नाली पडत गेली आणि मशीन दोन बांधांवर पाय फाकून उभी राहिल्यासारखी डुलायला लागली. ज्या डोझरला स्वतःच्या पायाखालची वाट कापता येत नाही त्याने दुसऱ्याची जमीन काय सपाट करायची! सायसिंगदादांनी मशीन थांबवली आणि आप्पांकडे पाहिलं. गावही पाहत होतं. शेताचा मालक म्हणाला, "हाई ते मिस्तरीले समजाले पाहिजे व्हतं."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

आप्पांनी उरलेला पेढा गिळला. म्हणाले, "मशीन मन्ही, डोकं मन्हं, ते चूक काय मिस्तरीनी व्हई? चूक मन्हीच शे. तिन्हामा कोनी वाटा मांगानं नही." आणि तेही बढाई मारतात त्याच आवाजात, त्याच छातीने. मग पेढ्यांचा पुडा पुढे करून म्हणाले, "ल्या, खा. नारळ काय परत जोडावाव नही."

त्या दिवसापासून मी या माणसाची प्रत्येक बढाई खपवून घेतली. श्रेय घेणारे पुष्कळ पाहिले, दोषही तितक्याच हावरेपणाने घेणारा हाच एक. पात्याला पुढच्याच आठवड्यात दोन्ही टोकांना तुकडे जोडले. मशीन मग वर्षानुवर्षं काळ्या मातीत राबली, आणि पातं वाढवण्याची कल्पना कुणाची होती हे तुम्हाला सांगायला नकोच.

या सगळ्या वर्षांत सायसिंगदादांनी आप्पांकडे एकच गोष्ट मागितली होती. त्यांच्या पाड्याला रस्ता नव्हता. धडगावहून जीपने जिथवर जाता येतं तिथे उतरायचं आणि पुढे डोंगर चढायचा. एके काळी तिथून बैलगाडी जायची, पण दरवर्षीच्या पाण्याने ती वाट दगडधोंड्यांची झाली होती. एका उन्हाळ्यात मशीन वर न्यावी आणि वाट नीट करावी, इतकंच त्यांचं म्हणणं. आप्पा म्हणायचे, पुढला उन्हाळा. पण उन्हाळा म्हणजे शेतं मोकळी, म्हणजे मशीनला खालीच काम. सायसिंगदादा होळीला एकटे चढून जायचे, परत यायचे, आणि पुन्हा विचारायचे नाहीत.

मग त्यांचे गुडघे गेले. मशीनवर बसल्यावर त्रास नव्हता, पण चढता-उतरताना दोन माणसं लागायला लागली. त्यांनी चालवणं सोडलं. आप्पांच्या शेतातल्या खोलीत राहायचे. त्या वर्षी होळीला त्यांना वर जाता आलं नाही. बायको वर, भाऊ वर, घर वर, आणि हे खाली खाटेवर बसून सातपुड्याकडे पाहत. आप्पांनी सुचवलं की पाड्यावरची पोरं बोलावू, झोळीत घालून नेतील. डोंगरात आजारी माणसाला असंच नेतात, बांबूला झोळी बांधून.

सायसिंगदादा म्हणाले, "झोळीमा मी एकदाच जासू, आप्पा. आते नही."

हे मला आप्पांनीच सांगितलं. त्याच दिवशी दुपारी ते वर्कशॉपवर आले होते आणि खुर्ची दिली तरी बसले नाहीत. "हाऊ उन्हाळा त्याना," एवढं म्हणाले. "मी त्याले त्याना दारशी बसेल नेसू. बसेल, मिस्तरी. आडवा नही."

परवानग्यांचं काम पाड्याच्या लोकांनी केलं. ग्रामसभेचा ठराव झाला, वनखात्याचा होकार आला, पण तो फक्त असलेल्या वाटेच्या दुरुस्तीचा. रुंदी वाढवायची नाही. ते बरोबरच होतं, कारण वाटेच्या कडेला लोकांची शेतं होती. माप घ्यायला आप्पा आणि मी वर गेलो. सायसिंगदादांचा धाकटा भाऊ गुलाब आम्हाला घ्यायला खाली आला. तो दरवर्षी शहाद्याकडे ऊसतोडीला येतो, त्यामुळे त्याला आमची बोली येते.

वाट बरीचशी ठीक होती. एका जागी मात्र ती कड्याच्या पोटातून जाते. एका अंगाला दगडाची भिंत, दुसऱ्या अंगाला खाली नाला. आप्पांनी टेप लावली, पुन्हा लावली. जुन्या मापाची मशीन तिथून गेली असती. रुंद पट्ट्यांची जाणार नव्हती. काळ्या मातीसाठी घातलेल्या चपला आता काढायला हव्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर पात्याची टोकंही. शिवाय खडकावर रुंद पाटी टोकाला वाकते, ते वेगळंच.

एवढ्यात पाडा गोळा झाला होता. बाया, म्हातारी माणसं, पोरं. टेप घेऊन आलेली पांढऱ्या कपड्यांतली माणसं पाहिली की तिथे लोक गोळा होतातच, आणि हसत होत नाहीत. आप्पांना वाटलं लोक काळजीत आहेत, यांना धीर द्यावा. ते एका दगडावर चढले आणि मोठ्याने म्हणाले,

"काही चिंता करू नका! पट्टा जास्त शे, एवढंच. दोन्ही बाजूथून सारखा कापी टाकसूत. मी सोता उभा ऱ्हाईसन कापसू!"

गुलाबचा चेहरा उतरला. त्याने ते पावरीत सांगितलं. बायांनी पोरांना मागे ओढलं.

मला तेव्हाही लक्षात आलं नाही. खाली तापीकाठी पट्टा म्हणजे डोझरचा, किंवा फार तर कमरेचा. डोंगरात पट्टा म्हणजे वनजमिनीचा पट्टा. ज्या जमिनीवर बापजाद्यांनी नांगर धरला ती आपल्या नावावर झाल्याचा कागद. त्यासाठी इथल्या माणसांनी किती वर्षं धडगावच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या ते त्यांनाच ठाऊक. आणि हा गृहस्थ दगडावर उभा राहून सांगत होता की तुमचा पट्टा जास्त आहे, तो दोन्हीकडून कापतो.

एक म्हातारी पुढे आली आणि आप्पांच्या समोर, वाटेच्या मधोमध, मांडी घालून बसली. तिच्यामागे आणखी दोघी बसल्या. आप्पांना वाटलं, आपलं भाषण ऐकायला बसल्या. त्यांना आणखी उत्साह आला. "कापेल तुकडा बी वाया जावाव नही," ते म्हणाले. "भंगारमा देसूत!"

गुलाब म्हणाला, "आप्पा, मन्हा भाऊनी तुमनं मीठ खादेल शे. पन पट्ट्याले हात लावाना नही."

"का बरं लावाना नही? पट्टा मन्हा शे!"

"तुमना? तुमना पट्टा कोठे शे आठे?"

"आठे कसाले ऱ्हाई? कळसाडीले शे! मन्हा दारशी उभा शे!"

जमिनीचा पट्टा दाराशी उभा राहत नाही. तिथे माझी ट्यूब पेटली. मी गुलाबला बाजूला ओढलं, काडीने धुळीत डोझर काढला, त्याच्या पायांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "लोखंडाचा पट्टा, बाबा. हा. मशीनचा." गुलाब चित्राकडे पाहत राहिला, आप्पांकडे पाहत राहिला, आणि मग असा हसला की त्याला खाली बसावं लागलं. बायांना कळायला थोडा वेळ गेला. कळल्यावर तो कडा हसण्याने दणाणला. म्हातारी मात्र हसली नाही आणि उठलीही नाही.

आप्पांना समजावून सांगितलं तेव्हा मला वाटलं ते भाषेला दोष देतील. एका शब्दाचे दोन अर्थ कुणी ठेवले म्हणून तावातावाने बोलतील. ते दगडावरून उतरले. म्हातारीसमोर आले आणि त्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी धुळीत तिच्या पुढ्यात बसले. "माय, चूक मन्ही शे," ते म्हणाले. "तुन्हा पट्टा तुन्हा. त्याले कोनी हात लावाव नही. मी मन्ही मशीन बारीक करसू." गुलाबने सांगितलं. म्हातारीने त्यांचा सदरा दोन बोटांत धरून पाहिला, पावरीत काही बोलली आणि उठली.

"काय म्हणाली?" मी गुलाबला विचारलं.

"कपडा चांगला शे, म्हने. धुवाले कोन शे घरमा?"

परतीच्या जीपमध्ये आप्पा तिच्यावर फार खूश होते. इतक्या लोकांत आपल्याला ओळखणारी ती एकटीच, असं त्यांचं मत पडलं.

खाली येऊन आम्ही मशीन बारीक केली. जे तुकडे मी जोडले होते ते मीच गॅसने कापले. बाहेरून कापले की काम भागत होतं, पण आप्पांनी आतूनही तितकेच कापायला लावले. एका पायात जड चप्पल आणि दुसऱ्यात हलकी घालून डोंगर चढून बघ, म्हणाले. कुणीतरी सुचवलं की दोन्ही पट्टेच आतल्या बाजूला सरकवा, म्हणजे मशीन आणखी अरुंद होईल. त्यावर आप्पांनी त्याला वर्कशॉपबाहेर काढलं. पाय जवळ घेऊन उतारावर उभा राहिलेला माणूस कुठे जातो, हे त्याला समजावून सांगायलाही ते थांबले नाहीत. सायसिंगदादांना कुणीतरी रोज मोटारसायकलवर आणून बसवायचं. ते कापलेली प्रत्येक पाटी अंगठ्याने चाचपून पाहायचे.

मी आप्पांना शेवटचं पाहिलं ते पाड्यावर. पुढे पावसाळ्याच्या तोंडाशी ते घरी परतले आणि तिथेच गेले, पण मी तेव्हा सुरतेला बहिणीकडे होतो, आणि आलो तो शोकसभेलाच. त्यामुळे आता सांगतो तेच माझं शेवटचं दर्शन.

मशीन ट्रॉल्यावरून घाट चढली. चालवायला शहाद्याचा एक तरणा ड्रायव्हर होता. सायसिंगदादांना जीपने खालच्या वस्तीवर आणून ठेवलं होतं. रस्ता झाला की जीप त्यांना दारापर्यंत नेणार, असा बेत. पाड्याची माणसं दगड उचलायला होतीच. काम झपाट्याने झालं. मागे रस्ता होत गेला तशी सायसिंगदादांना घेऊन जीप मागोमाग येत गेली, आणि कड्यापाशी सगळं थांबलं. ड्रायव्हरने उतरून कडा पाहिला, नाला पाहिला, आणि हात जोडले. "आप्पा, माले पोरंसोरं शेतस." त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मशीन मावत होती हे खरं, पण मावत होती म्हणजे नुसती मावत होती.

आप्पा काही बोलणार तेवढ्यात जीपमधून आवाज आला. "माले चढाडा."

गुलाब आणि आणखी दोघांनी सायसिंगदादांना उचलून सीटवर बसवलं. त्यांनी दांडे हलवून पाहिले, पाय दाबून पाहिले. आप्पा मशीनसमोर जाऊन उभे राहिले, कड्याकडे पाठ करून. मी म्हटलं, "आप्पा, आज तरी तोंड तिकडे करा." त्यांनी ऐकलं नाही. मशीन निघाली. एका बाजूला पात्याचं टोक दगडाला घासतंय न घासतंय, दुसऱ्या बाजूला पट्ट्याखालून बारीक खडे नाल्यात उडताहेत. आप्पा उलटे चालताहेत, हात चालू. कड्याच्या ऐन पोटात त्यांनी खूण केली, आत घे, दगडाकडे घे.

सायसिंगदादांनी घेतलं नाही.

आप्पांनी पुन्हा खूण केली. ते तसेच सरळ येत राहिले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आत घेतलं असतं तर पात्याचं टोक दगडाला अडकलं असतं आणि मागचं धूड बाहेर, नाल्याकडे फिरलं असतं. आप्पांनाही त्याच क्षणी कळलं असावं. त्यांनी हात खाली केले. दोन्ही हात पाठीशी बांधले आणि सायसिंगदादांच्या तोंडाकडे बघत, एकही खूण न करता, ते मागे मागे चालत गेले. मी देवाचं नाव घेणारा माणूस नाही, पण तेव्हा घेतलं.

कडा पार झाला. पुढे मोकळी वाट होती. सायसिंगदादांनी मशीन थेट आपल्या अंगणात आणली, मोहाच्या झाडाखाली, आणि तशीच चालू ठेवून बसून राहिले. बायको दारात होती. तिने तोंडाला पदर लावला होता. पाडा लोटला, पोरं पट्ट्याला हात लावून पळत होती. आप्पांनी ग्रीसची पर्वा न करता पट्ट्यावर पाय दिला, वर चढले आणि सायसिंगदादांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून काही सांगायला लागले. इंजिनाच्या आवाजात आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, नेहमीप्रमाणे सगळं श्रेय चाललंय.

सायसिंगदादांना वाक्य अर्धं आहे हे कसं कळणार? त्यांनी इंजिन बंद केलं.

"...माले आते करमाव नही रे, सायसिंग!"

ते सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. बायांना, पोरांना, त्या म्हातारीला. आप्पा पट्ट्यावर उभे, एक हात सीटच्या पाठीवर. या माणसाला शब्द सापडत नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं. मी मशीनसोबत आणलेल्या गॅस कटरच्या नळ्या उगाच गुंडाळायला लागलो.

सायसिंगदादांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. समोर घराकडेच पाहत म्हणाले, "खाटला दोन शेतस, आप्पा."

उन्हं उतरायला लागली तशी आम्ही निघालो. मी जीपशी गेलो तर आप्पा येईनात. म्हणाले, "मिस्तरी, घर सांगी दे, आप्पा आज येवाव नही."

"मग उद्या?"

"उद्यानं उद्या दखसूत," ते म्हणाले आणि वळले.

जीप कड्याच्या वळणावर आली तेव्हा मी मागे पाहिलं. अंगणात दोन्ही खाटांवर माणसं होती.